लेकरू गप पडलं तेव्हा

त्या दिवशी परतीच्या वाटेवर पोरं गप बसली आणि मला बरं वाटलं. माझी चूक कुठं झाली असं कुणी विचारलं, तर मी अजून हेच सांगते.

नणंद मे महिन्यात पुण्याहून आली की आमच्या वैरागच्या घरात लेकरांचा नुसता दंगा. माझा थोरला तेव्हा सात वर्षांचा, भाचा सहाचा आणि धाकटी चारची. संतनाथांच्या देवळात जाऊन झालं, रानात आंबे पाडून झाले, दोन दिवसांत पत्ते फाटले. मग भाच्यानं माळढोक बघायचा हट्ट धरला. नान्नजचं अभयारण्य आमच्याच बार्शी-सोलापूर रस्त्यावर, तिथं जायला कितीसा वेळ लागणार? सकाळी सहाला निघायचं ठरलं. दशम्या, शेंगाचटणी, कुणाची अंघोळ, कुणाचा हरवलेला बूट असं करत घरातून गाडी हलली तेव्हा साडेदहा वाजले होते. तिथंच बेत मोडायला हवा होता. पण डबे भरलेले, पोरं गाडीत बसलेली. आता कसलं थांबायचं!

माळढोकाला दाट झाडी चालत नाही. लांबवर नजर जाईल असं मोकळं गवताळ रान त्याला लागतं, म्हणून तर 1979 पासून हा माळ राखलेला आहे. आता तो पक्षी क्वचितच दिसतो, आम्हालाही दिसला नाही. काळविटं दिसली, तीही लांब, उन्हाच्या झळांत थरथरताना. पक्ष्याला सोयीचा तो माळ चार वर्षांच्या लेकराला मात्र तव्यासारखा, कारण सावलीच नाही. गाडीतलं पाणी तापलं होतं. धाकटी म्हणाली, "गरम लागतंय, नको." मीही आग्रह केला नाही. वाटेत गारेगार घेऊन दिलं आणि तेवढ्यात पाण्याची भरपाई झाली असं धरून चालले.

दीडच्या सुमारास माघारी निघालो. काचा खाली, सुसाट वारं. मुलं वाऱ्यात बसली आहेत, घाम नाही, म्हणजे गारवा लागत असणार, असा माझा हिशोब. बाहेरची हवा अंगापेक्षा तापलेली असली की वारं गार करत नाही, उलट भाजतं, हे भट्टीपुढं बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला कळलं नाही. जाताना "गप बसा रे" म्हणून माझा घसा सुकला होता, येताना मात्र कुणी चकार शब्द काढेना. नणंद म्हणाली, "वहिनी, बघा किती शहाणी झाली." आम्ही दोघी हसलो.

घरी आल्यावर थोरला आणि भाचा उठून माठाकडं पळाले. धाकटी उठेना. हाक मारली की डोळे किलकिले करायची, पुन्हा मान टाकायची. अंग कोरडं आणि चटका बसेल इतकं गरम. नणंदेनं पिशवीतून तापाचं औषध काढून पाजलं, ते लगेच उलटून पडलं. सासूबाई आतून आल्या, एकदाच तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "कवापासून गप हाय ही?"

त्या प्रश्नानं माझ्या पोटात गोळा आला. मला सांगताच येईना.

पुढचं सासूबाईंनीच केलं. अंगावरचा फ्रॉक काढला, शहाबादी फरशीवर निजवलं, त्यांचं जुनं सुती लुगडं भिजवून अंगावर टाकलं आणि मला पंख्याखाली पुठ्ठ्यानं वारं घालायला बसवलं. लुगडं सुकलं की पुन्हा ओलं. ह्यांनी गाडी काढली. दवाखान्यात जाईपर्यंत मी तिच्या काखेत, मानेला ओला पंचा लावत होते. डॉक्टरांनी सलाईन लावलं. संध्याकाळी ती "आई, शू" म्हणाली, तेव्हा मी भर दवाखान्यात रडले.

डॉक्टरांनी त्या रात्री जे सांगितलं, ते मी आता गावात लहान लेकरांच्या आयांना सांगत असते. उन्हाचा ताप हा जंतूंचा ताप नव्हे. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून ती साठते. त्यावर तापाच्या गोळीचा, औषधाचा उपयोग नाही. उपयोग पाण्याचा आणि वाऱ्याचा, आणि तोही लगेच, दवाखान्याची वाट धरायच्या आधीपासून. लेकरू धड शुद्धीवर नसेल, बरळत असेल, झटके येत असतील तर 108 ला फोन करायचा आणि अंग भिजवणं चालू ठेवायचं. अशा वेळी तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कांदा खिशात ठेवा, तळपायाला चोळा, माझी ना नाही. पण कांदा शोधण्यात पाच मिनिटं घालवू नका.

लहान लेकरू आपल्यापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्याच्या अंगाची कातडी जास्त, म्हणून बाहेरची उष्णता जास्त आत येते आणि घाम मात्र आपल्याइतका येत नाही. त्यातून ते "मला मळमळतंय, चक्कर येतेय" असं सांगत नाही. आधी किरकिर करतं आणि मग गप पडतं. किरकिरीला आपण वैतागतो, गप पडलं की सुटकेचा श्वास सोडतो. नेमकं उलटं व्हायला हवं.

म्हणून आता मी शू मोजते. हसू नका. सकाळपासून पाच-सहा तास लेकरानं शू केली नसेल किंवा ती गर्द पिवळी असेल, तर तहान लागली नाही म्हणालं तरी पाणी कमी पडलेलं असतं. पाणी थोडं थोडं, दर अर्ध्या तासाला, मागायची वाट न बघता द्यायचं. कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक उत्तम. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पेलाभर पाण्यात मोठी पुडी ओतणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. "मीठ जरा जास्त असू दे" असं इथं चालत नाही. आणि उभ्या गाडीत लेकरू सोडून "दोन मिनिटांत येते" म्हणून दुकानात जाऊ नका. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते.

गप पडण्याचं दुसरं भय पाण्याचं. आमच्या भागात मे महिन्यात विहिरीवर पोहायला शिकणं हा लेकरांचा हक्कच. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि चुलत्यानं वरून ढकलून द्यायचं. थोरला तसाच शिकला. त्याला मी अजूनही नाही म्हणत नाही, कारण तिथं माणसं असतात आणि लक्ष पाण्यावर असतं. धास्ती वाटते ती शेततळ्याची. 2016 मध्ये मागेल त्याला शेततळं ही योजना आली, द्राक्षं आणि डाळिंबं जगली, चांगलंच झालं. पण त्या तळ्याला पायऱ्या नसतात. उतारावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळानं असा निसरडा होतो, की पोहता येणारा गडीसुद्धा वर येऊ शकत नाही. वाचवायला उतरलेलाही तिथंच अडकतो.

बुडणारं लेकरू सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला आलेलं असतं, तेवढ्यात कसाबसा श्वास घेतला जातो, हाक मारायला उसंतच मिळत नाही. हातही वर हलत नाहीत, पाणी खाली दाबत राहतात. काठावर गप्पा मारणाऱ्याला वाटतं, खेळतंय. म्हणून काठावर बसलेल्या एकाचं नाव ठरवायचं. त्यानं फोन घरी ठेवायचा आणि त्याची पाळी संपली की दुसऱ्याला तोंडानं सांगून उठायचं. "सगळे आहोत की" म्हणजे कुणीच नाही. आणि लेकरू बाहेर काढलं तर उलटं धरून फिरवायचं नाही, पोट दाबायचं नाही. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि कुणाला तरी 108 ला फोन करायला लावायचा.

विंचवाचंही थोडं असंच आहे. वळवाचे दोन थेंब पडले की दगडाखालचे तांबडे विंचू अंगणात येतात. चावला की लेकरू घर डोक्यावर घेतं. पण रडणं थांबलं म्हणजे उतरला, असं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात असे रोगी वर्षानुवर्षं बघितले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं ते वाचवता येतात हे जगाला दाखवलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या लिखाणातून कळलेली लक्षणं अशी: दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं. उन्हानं तापलेलं लेकरू कोरडं असतं, विंचवाचं ओलं आणि गार. दिसलं की मांत्रिकाकडं नाही, दवाखान्यात.

पुढच्या मे महिन्यात नणंद पुन्हा आली. या वेळी आम्ही दिवसाची दोन्ही टोकं लेकरांना दिली. पहाटे साडेपाचला रान, नऊला घरात. मधले तास माळवदाच्या खोलीत, जिथं पांढऱ्या मातीच्या छतानं खालचा गारवा टिकतो. मागच्या पत्र्याच्या खोलीला दुपारी कुलूप. पाचनंतर पुन्हा मोकळं रान. ह्यांनी शेततळ्याला काटेरी तारेचं कुंपण केलं आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले नायलॉनचे दोर पाण्यात सोडून ठेवले. दोर ओढून धरतो का, ते बघायला स्वतःच आत उतरले, मी काठावर बसले. फोन घरी.

पुण्याकडं निघायच्या आदल्या दिवशी नणंदेच्या सासरची माणसं चहाला आली होती. ओसरीवर सगळे बसलेले. एवढ्यात मोरीतून भाचा धावत आला आणि भरल्या ओसरीवर ओरडला, "मामी, पांढरी आहे! पाण्यासारखी!" नणंदेनं पदर तोंडाला लावला. पाहुणे माझ्याकडं बघायला लागले. मी कपात साखर घालत म्हणाले, "छान. आता धाकटीला विचार."