बाबेलमध्ये बाग लावा

आजचे वाचन : यिर्मया २९:४-१४ (वेळ असेल तर २८ वा अध्यायही वाचा)



मित्रांनो, यिर्मया २९:११ हे वचन आपल्यापैकी किती जणांच्या स्टेटसवर आहे? माझ्या तर मोबाइलच्या कव्हरवर होतं. दहावीचा निकाल, नवीन नोकरी, वाढदिवसाचं कार्ड, सगळीकडे हेच वचन. देवाच्या मनात आपल्याविषयी भल्याचे विचार आहेत, तो आपल्याला आशा देणार आहे. गोड वचन आहे, यात शंका नाही. पण गेल्या वर्षी मला पहिल्यांदा या वचनाचा राग आला.

जूनमध्ये माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. पुण्यात भाड्याचं घर, भावाच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्ज, दर महिन्याच्या पाच तारखेला जाणारा हप्ता. एका प्रार्थनासभेत कोणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "चाळीस दिवसांच्या आत प्रभू दार उघडणार." मी मोठ्याने आमेन म्हटलं. कॅलेंडरवर रोज खूण करायला लागले. चाळीस दिवस संपले, काहीच झालं नाही. एकेचाळिसाव्या दिवशी मी अंथरुणातून उठलेच नाही. हळूहळू उपासनेला जाणंही सुटलं, कारण "काय झालं गं नोकरीचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळं आयुष्य 'नोकरी मिळाली की' या तीन शब्दांवर येऊन थांबलं होतं. नोकरी मिळाली की मैत्रिणींना भेटू, नोकरी मिळाली की नीट जेवू, नोकरी मिळाली की बायबल वाचू. शेवटी आई गावाहून फोनवर म्हणाली, "पोरी, पाऊस यायचा तेव्हा येईल. तोवर बांध तरी नीट करशील का नाही?" त्या रात्री मी ते आवडतं वचन उघडलं, आणि पहिल्यांदा अख्खा अध्याय वाचला.

पत्र कोणाला होतं?

२९ वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम ताब्यात घेतलं. राजा यकन्या, त्याची आई, सरदार, कारागीर आणि लोहार यांना कैद करून तो बाबेलला घेऊन गेला. मंदिर मागे राहिलं, घरदार मागे राहिलं. पुढे एज्रा बाबेलहून यरुशलेमला आला, तेव्हा त्या प्रवासाला चार महिने लागले (एज्रा ७:९). म्हणजे 'जाऊन येऊ' असं म्हणण्याइतकं ते अंतर नव्हतंच. अशा लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून पत्र पाठवलं.

त्यांना काय ऐकायचं होतं, ते २८ व्या अध्यायात कळतं. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात, सगळ्या लोकांसमोर जाहीर केलं की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून त्याने मोडून टाकलं. किती जोशाची सभा झाली असेल ती! आणि यिर्मया काय म्हणाला, पाहा (२८:६). त्यानेही आमेन म्हटलं. प्रभू खरंच तसं करो, असं म्हणाला. त्यालाही लोक परत यायलाच हवे होते. पण आपल्याला हवं ते आणि देव बोलला ते, या दोन्ही गोष्टी नेहमी एकच असतात असं नाही. देवाने हनन्याला पाठवलंच नव्हतं.

हे वाचताना माझं ते चाळीस दिवसांचं कॅलेंडर आठवलं. सांगणाऱ्याचं मन चांगलंच असेल. पण माझा विश्वास देवावर कमी आणि तारखेवर जास्त होता. तारीख हुकली आणि मला वाटलं, देवच हुकला.

देवाने खरं काय सांगितलं?

पत्रात सुटकेची तारीख आहे, पण सत्तर वर्षांनंतरची. ऐकणाऱ्या कोणाही मोठ्या माणसाला लगेच कळलं असेल की मी परत जाणार नाही, गेलीच तर माझी नातवंडं जातील. यावर लोक चिडलेही. शमाया नावाच्या माणसाने बाबेलहून उलट पत्र पाठवून यिर्मयाची तक्रार केली (२९:२४-२८).

पण सत्तर वर्षांच्या आकड्याआधी देवाने त्यांना कामं सांगितली आहेत (वचन ५-७). घरं बांधा आणि त्यात राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करून द्या, कमी होऊ नका. आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. बाबेलसाठी प्रार्थना! ज्यांनी आपलं घर लुटलं त्यांच्या गावासाठी!

सातव्या वचनात मूळ हिब्रू शब्द आहे 'शालोम', म्हणजे शांती, कुशल, सगळं नीट असणं. त्या एका वचनात तो तीन वेळा येतो. नगराचा शालोम शोधा, कारण त्याच्या शालोममध्ये तुमचा शालोम आहे. आणि आपलं लाडकं अकरावं वचन? देवाच्या मनात आपल्याविषयी जे विचार आहेत, तिथेही तोच शब्द आहे, शालोम. म्हणजे देव जे भलं आपल्याला देऊ इच्छितो, तेच भलं आपण आज, इथे, शेजाऱ्यासाठी शोधायचं आहे. ही दोन वचनं तोडता येत नाहीत. आपण अकरावं कव्हरवर लावतो आणि सातवं सोडून देतो.

अजून एक. अकराव्या वचनातला 'तुम्ही' आदरार्थी एकवचन नाही. मराठीत तो तसा वाटू शकतो, पण मूळ भाषेत ते अनेकवचन आहे. हे वचन एकट्या मला नाही, सगळ्या मंडळीला दिलंय. मी एकटी खोलीत बसून ते धरून ठेवत होते, म्हणून ते हातातून निसटत होतं.

मग मी काय केलं?

फार मोठं काही नाही. बाल्कनीत दोन कुंड्या आणल्या, एकीत मिरची, एकीत कढीपत्ता. दुपारी आमच्या वॉचमनकाकांच्या मुलीचं गणित घ्यायला लागले, ती तेव्हा आठवीत होती. सोसायटीच्या पाण्याच्या मीटिंगला पहिल्यांदा गेले. चार वर्षं राहून मला शेजारच्या आजींचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आणि रविवारी पुन्हा उपासनेला गेले. "अजून नाही मिळाली नोकरी, प्रार्थना करा," हे वाक्य मोठ्याने बोलले. बोलताना आवाज कापला. पण उपासनेनंतर आणखी दोन जण जवळ आले आणि हळूच म्हणाले, "आमचीही गेलीये."

बाग लावा म्हणजे रडू नका, असं नाही हं. १३७ वं स्तोत्र याच बंदिवासातलं आहे. बाबेलच्या नद्यांकाठी देवाची माणसं बसून रडली, आणि ते रडणं पवित्र शास्त्रात जपून ठेवलंय. रडणारे हात आणि बाग लावणारे हात एकाच माणसाचे असू शकतात.

दानिएलाचंच बघा. तरुणपणी कैद होऊन आला आणि परक्या राजांच्या दरबारात आयुष्यभर नोकरी केली. चोख केली, विरोधकांना त्याच्या कामात खोट सापडेना (दानिएल ६:४). दिवसातून तीन वेळा यरुशलेमकडच्या खिडकीशी गुडघे टेकले. म्हातारपणी यिर्मयाची हीच सत्तर वर्षं वाचून त्याने उपास आणि प्रार्थना केली (दानिएल ९:२-३). खिडकी यरुशलेमकडे उघडी, पण काम बाबेलमध्ये. पुढे कोरेश राजाने लोकांना परत जाऊ दिलं (एज्रा १). देवाने शब्द पाळला, हनन्याच्या कॅलेंडरप्रमाणे नाही एवढंच.

आणि आपला प्रभू येशू? लोकांत सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता (लूक ३:२३). त्याआधी नासरेथमध्ये लोक त्याला सुतार म्हणून ओळखत होते (मार्क ६:३). ती वर्षं वाया गेली, असं म्हणायची आपली हिंमत आहे का?

माझी साक्ष अजून पूर्ण नाही. आठ महिन्यांनी काम मिळालं, कंत्राटी, पगार पूर्वीपेक्षा कमी. हप्ता अजून जातोय, काही महिने उशिरा जातो. पण मिरचीला मिरच्या लागल्या, आणि ती मुलगी गणितात पास झाली. मोबाइलच्या कव्हरवर तेच वचन आहे. फक्त आता मी त्याच्या आधीची सहा वचनंही पाठ केलीत.

आज करून पाहा : 'ते झालं की मग' म्हणून तुम्ही कोणती गोष्ट थांबवून ठेवलीये? लग्न, व्हिसा, निकाल, बरं होणं, काहीही असेल. त्यातली एक छोटी गोष्ट आज सुरू करा. आणि तुमच्या बिल्डिंगमधल्या एका माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. नाव माहीत नसेल तर आधी जाऊन विचारा.

प्रार्थना : हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आम्हाला तारीख हवी असते, तू आम्हाला तुझी सोबत देतोस. जिथे आम्हाला राहायचं नव्हतं तिथेही तू आहेस, हे आज आम्हाला दिसू दे. आमच्या शहराचं भलं कर, आणि त्या भल्यात आमचे हात वापर. जे आज थकून अंथरुणात पडलेत त्यांच्याजवळ राहा, आणि आमच्यापैकी कोणाला तरी त्यांच्या दारी पाठव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.