ऑर्किडला पाणी : रोज, आठवड्याला की बर्फाने?

प्रश्न : भेट मिळालेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड आमच्या हॉलच्या खिडकीत आहे. नर्सरीवाले म्हणाले, आठवड्यातून एकदा बर्फाचे तीन खडे कुंडीत ठेवा. मैत्रीण म्हणते, रोज स्प्रेने फवारा. मी दोन्ही करते, तरी पानं मऊ पडून सुरकुतली आहेत. पाणी कमी पडतंय का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पानं सुरकुतली की आपला हात आपोआप तांब्याकडे जातो. ऑर्किडच्या बाबतीत जरा थांबा. घरात वाढवलेल्या फॅलेनॉप्सिसची पानं अशी मलूल होतात, तेव्हा पुष्कळदा पाणी जास्त झालेलं असतं. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत. कुंडी ओलीगच्च आणि पान मात्र तहानलेलं, अशी अवस्था होते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही हातची जातात.

फॅलेनॉप्सिसचं मूळ घर आग्नेय आशियातली दमट जंगलं. तिथे ते झाडांच्या खोडांना धरून वाढतं, आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी हे ऑर्किड फांद्यांवर वाढतं तसं. कुणाला ते बांडगूळ वाटतं, पण बांडगूळ दुसऱ्या झाडातलं पाणी शोषून घेतं. ऑर्किड फक्त जागा वापरतं. पाऊस आला की त्याची मुळं चिंब होतात, उघडीप मिळाली की वाऱ्याने सुकतात. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीत भरलेल्या, सतत ओल्या शेवाळात कोंडली की ती गुदमरतात आणि कुजतात.

पाण्याची वेळ मूळच सांगतं. त्याच्यावर मृत पेशींचा जाड, सच्छिद्र थर असतो. कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. एखाद्या कोरड्या मुळावर पाण्याचा थेंब सोडून पाहा. बघता बघता तेवढा भाग हिरवा होतो, कारण थर पाण्याने भरतो आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. फॅलेनॉप्सिस पारदर्शक कुंडीत ठेवण्याचा हा मोठा फायदा. कडेची मुळं हिरवी असतील, आतून बाष्पाचे थेंब दिसत असतील, तर पाणी नको. मुळं रुपेरी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की द्या. म्हणूनच मी वार ठरवून पाणी घालण्याच्या विरोधात आहे. ठाण्याच्या मे महिन्यात झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेलं झाड तीन-चार दिवसांत सुकेल, तर जुलैच्या झडीत शेवाळात लावलेलं तेच झाड दहा दिवसही ओलं राहील.

द्यायचं तेव्हा मात्र भरपूर द्या. सकाळी कुंडी सिंकमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाचं पाणी खालून धो धो वाहेपर्यंत घाला आणि पूर्ण निथळू द्या. बाहेरच्या शोभेच्या कुंडीत साचलेलं पाणी आठवणीने ओता. कित्येक ऑर्किडं तिथेच दगावतात. बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवणंही चालतं, पण एकाच पाण्यात सगळ्या कुंड्या बुडवू नका, रोग पसरतो. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी राहिलं तर टिश्यूपेपरने टिपून घ्या. ते रात्रभर तसंच राहिलं तर शेंडा कुजतो. फॅलेनॉप्सिसला एकच वाढता शेंडा असतो, तो गेला की झाड वाचवणं फार अवघड.

यासाठीच रोजची फवारणी बंद करा. तिने मुळांची तहान भागत नाही, खोबणीत मात्र पाणी साचतं. टांगलेल्या, उघड्या मुळांच्या वांडा या ऑर्किडच्या जातीची गोष्ट वेगळी. तिची मुळं उन्हाळ्यात रोज भिजवावी लागतात.

बर्फाने मुळं गारठून मरतात, असं सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ साली सालीत लावलेल्या फॅलेनॉप्सिसवर बर्फाने पाणी देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फाने झाडांचं नुकसान झालेलं त्यांना आढळलं नाही. तरी मी बर्फ सुचवणार नाही. तीन खड्यांचं पाणी आपल्या उन्हाळ्यात अपुरं पडतं आणि कुंडीत साठलेले खतांचे क्षार त्याने धुऊन निघत नाहीत. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर सालीवर त्या पाण्यातले क्षारही पांढऱ्या पुटासारखे दिसतात. तिथे पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

आता तुमच्या झाडाकडे वळू. ते कुंडीतून हलकेच काढा आणि मुळं दाबून पाहा. सगळी घट्ट, रुपेरी आणि साल ठणठणीत कोरडी निघाली, तर तुमचा अंदाज बरोबर. झाड वर सांगितल्याप्रमाणे नीट भिजवा. तपकिरी, पिचपिचीत मुळं दिसली तर ती ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. जुनं शेवाळ किंवा साल टाकून द्या, सालीचे आणि कोळशाचे तुकडे घेऊन पुन्हा लावा आणि कापलेल्या जागा सुकायला दोन-तीन दिवस पाणी देऊ नका. जुन्या पानांच्या सुरकुत्या पुरत्या जात नाहीत, तेव्हा त्यांवरून निकाल लावू नका. नव्या मुळाचं ताजं, हिरवं टोक दिसलं की झाड सावरलं असं समजा.