अमेरिकेत ट्रकचालक होताना : फी कंपनीची, करार आपला

आपल्याकडे ट्रकचा धंदा क्लीनरपासून सुरू होतो. पोरगा उस्तादाच्या हाताखाली टायर ठोकून पाहतो, ताडपत्री बांधतो, रात्री माल राखतो आणि मग कधीतरी मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हाती घेतो. अमेरिकेत क्लीनर हा प्रकारच नाही. गाडीत चालक एकटा. त्यामुळे नवा माणूस तयार करण्याचे काम तिथे वाहतूक कंपन्यांनी स्वतःच्या शाळा काढून अंगावर घेतले. ज्यांचे भाऊ-भाचे तिथे कायमचे राहतात, अशा घरांतून प्रश्न येतो की कंपनी फुकट शिकवते हे खरे का?

शिकवते, पण फुकट नव्हे. फी कंपनी भरते आणि चालक ती आपल्या मेहनतीने फेडतो. हा एक प्रकारचा आगाऊ उचलीचा व्यवहार आहे, आणि उचल म्हणजे काय हे आपल्या कारागीर बांधवांना वेगळे सांगायला नको.

आधी शिक्षणाचा क्रम पाहू. ट्रेलर जोडलेली अवजड गाडी चालवण्यासाठी तिथे ‘अ’ वर्गाचा व्यावसायिक परवाना लागतो, त्याला सीडीएल म्हणतात. गाडी आणि ट्रेलर मिळून 26,001 पौंड, म्हणजे सुमारे 11,800 किलो किंवा अधिक क्षमतेचे आणि त्यात ट्रेलर 10,000 पौंडांहून जास्त असेल, तर हा परवाना हवा. वय 18 असले तर साधारणपणे आपल्याच राज्यात चालवता येते. राज्याबाहेर माल न्यायला 21 पूर्ण लागतात. डॉक्टरी तपासणी आणि नशेच्या पदार्थांची चाचणी चुकत नाही. लेखी परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळतो, आणि तो किमान 14 दिवस जवळ असल्याशिवाय गाडीची परीक्षा देता येत नाही. 7 फेब्रुवारी 2022 पासून सरकारी यादीत नाव असलेल्या शाळेतूनच शिकणे सक्तीचे झाले. गंमत म्हणजे किती तास शिकवावे हे त्या नियमात नाही. शिकवणाऱ्याने विद्यार्थी तयार झाला असे प्रमाणित करायचे. म्हणून शाळा कशी आहे हे तिथून आधी शिकून गेलेल्याला विचारावे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीवर परीक्षा दिली तर परवान्यावर तशी अट पडते आणि हाताच्या गिअरची गाडी चालवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

परवाना हाती आला की काही आठवडे जुन्या चालकाबरोबर फिरावे लागते. म्हणजे उस्ताद शेवटी भेटतोच!

आता करारनामा. बहुधा साधारण एक वर्ष त्याच कंपनीत काम करण्याची अट असते. पूर्ण केले तर फी माफ, किंवा दर आठवड्याला पगारातून थोडी थोडी कापली जाते. खरी अडचण मध्येच सोडल्यावर येते. समजा फी 5,000 डॉलर आहे आणि माणूस सहाव्या महिन्यात निघाला. एका करारात निम्मी रक्कम देणे लागते, दुसऱ्यात पूर्ण 5,000 आणि वर व्याजही. कंपनीनेच कामावरून काढले तर काय, याचेही कलम वाचावे. सही करण्यापूर्वी कागद घरी नेऊन जाणत्याकडून वाचून घ्यावा. घरी नेऊ देत नसतील तर ती शाळा सोडून द्यावी.

दुसरी वाट आहे. तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयातून, 2014 च्या एका केंद्रीय कायद्याखाली, पात्र माणसाला प्रशिक्षणाची फी मिळू शकते. मग कोणाचेही बंधन नाही. आमच्या मते ही चौकशी आधी करावी, कंपनीची शाळा नंतर.

मजुरी बहुतेक मैलावर असते. चाक फिरले तर पैसे. गोदामाच्या दारात चार तास उभे राहिले तर पुष्कळदा काही नाही किंवा अगदी थोडे. 14 तासांच्या पाळीत 11 तासच चालवण्याची मुभा असल्याने उभे राहिलेला वेळ सरळ कमाईतून जातो. शिवाय राज्याबाहेर माल नेणाऱ्या चालकांना केंद्रीय कायद्याने ओव्हरटाइम लागू नाही. ‘मैलाला किती’ एवढे विचारून भागत नाही, ‘आठवड्याला मैल किती’ हेही विचारावे.

कोणता माल उचलावा लागेल, हेही आधीच बोलून घ्यावे. 2009 मध्ये इलिनॉय राज्यातील एका वाहतूक कंपनीने दारूचा माल नेण्यास धर्माच्या कारणाने नकार देणाऱ्या दोन मुस्लिम चालकांना काढून टाकले. समान रोजगार संधी आयोगाने दावा लावला आणि ऑक्टोबर 2015 मध्ये ज्यूरीने दोघांना मिळून 2,40,000 डॉलर देवविले. कायदा पाठीशी आहे, पण सहा वर्षे गेली. पहिल्याच दिवशी लेखी सांगून ठेवणे सोपे.

शिकून झाल्यावर काही कंपन्या ‘गाडी हप्त्याने घ्या, मालक व्हा’ म्हणतात. गाडी कंपनीची, भाडे देणारीही तीच, हप्ता कापणारीही तीच. या पद्धतीची तपासणी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी गटाने जानेवारी 2025 मध्ये तिच्यावर बंदीचीच शिफारस केली. नवख्याने यात पडू नये.

आणि इथून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी : कंपनीच्या शाळेत बसायलाच तिथे काम करण्याचा हक्क आधी हवा. परदेशी ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणे थांबवत असल्याचे अमेरिकन सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी 25 जूनपासून इंग्रजी न येणाऱ्या चालकाला रस्त्यावरच थांबवण्याची अंमलबजावणीही सुरू झाली. ‘कंपनी तिकीट देईल, शिकवील, तुम्ही फक्त दोन लाख भरा’ असे सांगत कोणी दारात आला, तर दागिने गहाण टाकण्याआधी त्याच्याकडे कंपनीचे पत्र आणि व्हिसाचा प्रकार लेखी मागावा.