नवतप्यात खताचा डबा बंद

नागपूरच्या मे महिन्यात, ऐन नवतप्यात, पारा ४५ अंशांकडे सरकला की गच्चीवरची कुंडी हाताला चटका देते. आतल्या मुळ्या त्याच तव्यात बसलेल्या असतात, पण आपल्याला दिसतात ती मलूल पानं आणि गळणाऱ्या कळ्या. मग वाटतं, झाडाला काहीतरी खाऊ घालावं.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तेच केलं. मोगऱ्याची फुलं बारीक येऊ लागली म्हणून नर्सरीत विचारलं. तिथून डीएपी या रासायनिक खताची पुडी आणि सल्ला मिळाला, "मूठभर टाका, फुलंच फुलं येतील." काही दिवसांतच पानांच्या कडा करपल्या. काकू जास्त पाणी घालू लागल्या, तरी झाड वाळतच गेलं. त्यांनी मला वर बोलावलं तेव्हा माती ओलीचिंब होती आणि झाड सुकलेलं. उन्हाळ्यात ही खूण ओळखता यायला हवी. दुपारी माना टाकून संध्याकाळी पुन्हा ताठ होणारं झाड फक्त उन्हानं थकलेलं असतं. ओल्या मातीत सुकणाऱ्या झाडाच्या मुळ्या मात्र बिघडलेल्या असतात. एक तर पाणी तुंबलंय, नाहीतर खत जास्त झालंय.

रासायनिक खत म्हणजे शेवटी क्षारच. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच कुंडीतले क्षार वाढले की मुळ्यांतलं पाणी उलट मातीकडे ओढलं जातं. त्यात डीएपीमध्ये १८ टक्के नत्र असतं आणि दाणा विरघळताना थोडा अमोनियाही सुटतो. शेतात तो पसरून जातो, बारा इंची कुंडीत जाणार कुठे? बरं, खत पचलं तरी फायदा नाहीच. नत्रानं फुटलेली कोवळी पालवी लू लागताच भाजते.

काकूंच्या कुंडीतले दिसतील तेवढे दाणे वेचले, वरची माती खरवडून टाकली, कुंडी सावलीत घेतली आणि बुडाच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत सावकाश ओतत राहिलो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. वरच्या फांद्या गेल्याच. बुडातून फुटवा आला तो पाऊस पडल्यावर.

मोगऱ्याला खायला घालायची वेळ फेब्रुवारीतली, छाटणीबरोबर. चांगलं कुजलेलं शेणखत तेव्हाच द्यावं, त्यावर उन्हाळ्याचा बहर निघतो. गुलाबाची छाटणी आणि खत पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. मे महिन्यात गुलाब लहान आणि फिकट येणारच, त्याला कुठलंही 'बूस्टर' मोठं करत नाही. बोगनवेलीला तर ताणच मानवतो. नत्र दिलंत तर पानांचा झुपका मिळेल. जास्वंद आणि सदाफुली उन्हातही वाढतात. नवी पालवी दिसत असेल तरच त्यांना मूठभर गांडूळखत, किंवा १९:१९:१९ हे खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागानं पाण्यात विरघळवून. तेही संध्याकाळी, आणि आधी साधं पाणी घालून मग. जास्वंदीला नत्र जास्त झालं की पिठ्या ढेकूण आलाच समजा.

'सेंद्रिय आहे, त्यानं काय होतंय' हे वाक्य मला फार ऐकावं लागतं. कोंबडीखत, कच्चं शेण, भुईमुगाची पेंड कुंडीत कुजताना उष्णता सोडतात. केळीच्या सालींचं आंबलेलं पाणी फुलांआधी चिलटं आणतं.

त्यापेक्षा खरं काम साधं आहे. मातीवर पालापाचोळ्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर, वर हिरवी नेट, कुंड्या एकमेकींना चिकटून आणि तापलेल्या स्लॅबपासून विटांवर उचललेल्या. आपली काळी माती वाळली की आकसून कुंडीची कड सोडते, मग पाणी त्या फटीतून खाली पळतं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. फट बुजवून दोनदा, थोडं थोडं पाणी घाला. जास्वंद-सदाफुलीचा अपवाद सोडला, तर पावसाळी हवा स्थिरावून नवी पालवी दिसेपर्यंत खताचा डबा उघडू नका.

आणखी एक, खास आपल्या गावचं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून बरेच जण कुंड्यांत ओततात. ते दिवसभर आटत आटत खारट झालेलं असतं, बोअरचं असेल तर अधिकच. कूलरच्या गवताच्या पट्ट्यांवर जमणारा पांढरा थर पाहिलात ना? त्या पाण्यानं फरशी धुवा.