पाऊलवाट नकाशावर आणताना

डहाणू-तलासरीत पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या कितीतरी पाऊलवाटा आहेत. २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशात अशी वाट तुम्हीही नोंदवू शकता. मोबाइलमधील जीपीएसवर नोंद सुरू करून वाट चाला. अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दशांशचिन्हापुढील पाचवा अंक सुमारे १ मीटर अंतर दाखवतो. पण उघड्या आकाशाखालीही मोबाइल सुमारे ५ मीटर चुकू शकतो, दाट झाडीत त्याहून अधिक. मग सहावा अंक लिहून काय साधणार? त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा चाला आणि दोन्ही रेघा ताडून पाहा. पावसाळ्यात ओढा वाट अडवतो का, हे गावकऱ्यांना विचारून नोंदवा. रात्री आजाऱ्याला नेणारा कोणी तुमच्या रेघेवर विसंबणार आहे!