हौस आणि जबाबदारी

ब्रह्मदेशी अजगराचे नुकतेच जन्मलेले पिल्लू हातभराहून थोडेसेच लांब असते. त्याची नक्षीदार कांती व शांत वृत्ती पाहून अमेरिकेतील अनेकांनी ते हौसेने घरी आणले. परंतु हौस अल्पकाळ टिकते. अजगर वीस वर्षांहूनही अधिक जगतो. काही वर्षांतच तो दहा फुटांपेक्षा लांब होतो. त्याचे शरीर स्वतःची ऊब राखीत नाही. म्हणून त्याला एक उबदार व एक थंड कोपरा, अंग बुडेल एवढे पाणी आणि भक्कम झाकणाची पेटी लागते. त्याला हाताळताना दुसरा जाणता मनुष्य जवळ असावा लागतो.

हा भार न झेपल्यामुळे काहींनी आपले अजगर फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सोडून दिले. तेथे त्यांची प्रजा वाढली. ससे, रॅकून यांसारखे प्राणी विरळ झाले. अखेर २०१२ साली अमेरिकेने या अजगराच्या आयातीवर बंदी घातली. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अजगर पकडून पाळणे हा गुन्हाच आहे.

अजगर आपल्या स्वभावानुसार जगला; चूक माणसाची होती. जीव घरी आणण्यापूर्वी त्याचे सारे आयुष्य आपणांस सांभाळता येईल काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

स्वाध्याय : ‘हौस अल्पकाळ टिकते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.