भाववाचक नामावरून क्रियापद शोधणे

इंग्रजीच्या तासाला भाववाचक नामे व त्यांची क्रियापदे फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेण्याची पद्धत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. यादी पाठ होते. परंतु यादीबाहेरचा शब्द येताच मूल अडते, किंवा ‘ही सक्सेस्ड’ असे वाक्य करून मोकळे होते. आपल्या जिल्ह्यातील अनेक मुले घरी भिली, पावरी, मावची अथवा अहिराणी बोलतात. शाळेतील मराठी हीच त्यांची दुसरी भाषा; इंग्रजी तिसरी होय. अशा मुलांवर पाठांतराचा भार घालण्यापेक्षा त्यांस शोधण्याची रीत देणे अधिक हिताचे आहे.

आरंभ मराठीपासून करावा. ‘वाढ’ म्हणताच ‘वाढणे’, ‘निवड’ म्हणताच ‘निवडणे’ हे क्रियापद सापडते. ‘बालपण’ व ‘प्रामाणिकपणा’ यांस मात्र तसे क्रियापद नाही. इंग्रजीतही हाच भेद आहे. ‘ग्रोथ’वरून ‘ग्रो’ व ‘चॉइस’वरून ‘चूझ’ मिळते. ‘चाइल्डहुड’ व ‘ऑनेस्टी’ यांवरून काही मिळत नाही. प्रत्येक भाववाचक नामास क्रियापद असतेच, हा समज प्रथम दूर करावा.

ज्यांस क्रियापद आहे, त्यांचे चार वर्ग मुलांपुढे ठेवावेत.

1. रूप तेच राहते : होप, फिअर, हेल्प. मराठीत ‘मदत करणे’ असे म्हणावे लागते. इंग्रजीत एकटे ‘हेल्प’ पुरते.

2. प्रत्यय गळतो : मूव्हमेंट–मूव्ह, अरायव्हल–अराइव्ह. काही ठिकाणी मूळ शब्दही पालटतो : डिसिजन–डिसाइड, सक्सेस–सक्सीड.

3. शेवटचा उच्चार पालटतो : अ‍ॅडव्हाइस–अ‍ॅडव्हाइझ, बिलीफ–बिलीव्ह, प्रूफ–प्रूव्ह. नामाच्या अखेरीस कठोर वर्ण, क्रियापदाच्या अखेरीस मृदू वर्ण, ही खूण मुलांस कानानेच पटते.

4. प्रत्यय वा उपसर्ग जोडावा लागतो : ब्यूटी–ब्यूटिफाय, स्ट्रेंग्थ–स्ट्रेंग्थन, करेज–एन्करेज. येथे तो गुण दुसऱ्यास आणून देणे, असा क्रियापदाचा अर्थ होतो.

उत्तराची परीक्षा वाक्यातच घ्यावी. सारंगखेड्याच्या यात्रेत एकाने उत्तम घोडा निवडला, असा प्रसंग सांगावा. ‘हिज चॉइस वॉज गुड’ हे नामाचे वाक्य. ‘ही चोझ वेल’ हे क्रियापदाचे. दोहोंचा आशय एकच राहिला, म्हणजे क्रियापद बरोबर सापडले असे समजावे. आशय बिघडल्यास पुन्हा शोध करावयास लावावे.

शेवटी एक सूचना. सरावाच्या दहा शब्दांत ‘ऑनेस्टी’सारखे दोन शब्द मुद्दाम घालावेत. ‘गुरुजी, याला क्रियापद नाही,’ असे जे मूल धीटपणे सांगेल, त्यास पूर्ण गुण द्यावेत. यादी पाठ करणाऱ्या मुलापेक्षा त्यास व्याकरण अधिक कळले आहे.